पर्यटक परतले आहेत, आता मोजमाप बदला : पर्यटन विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री आणि पर्यटन विभागाचे सर्व अधिकारी,
महाराष्ट्र शासन

विषय : महामारीनंतरच्या पर्यटनवाढीला पाणी, मैला, कचरा आणि मनुष्यबळ यांचा हिशेब जोडण्याबाबत

महोदय,

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये देशांतर्गत पर्यटकांच्या सुमारे २३२ कोटी भेटी नोंदल्या गेल्या. २०२० मध्ये त्या ६१ कोटींवर आल्या. २०२३ मध्ये त्या २५० कोटींच्या पुढे होत्या. परदेशी पर्यटक २०१९ मध्ये १ कोटी ९ लाख होते, २०२१ मध्ये जेमतेम १५ लाख उरले आणि २०२३ मध्ये ९२ लाखांच्या वर पोहोचले. परदेशी पाहुणा अजून मागच्या पातळीला यायचा होता, तेव्हाच देशातला पाहुणा आधीपेक्षा जास्त संख्येनं घराबाहेर पडलेला होता. तरीही शासनाच्या बैठकांत आणि जाहिरातींत ‘पर्यटनाला उभारी’ हाच सूर अजून चालू आहे. उभारी कधीच मिळून गेली. शनिवारी दुपारी लोणावळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या रस्त्यावर उभं राहिलं की आकडेवारी उघडायचीही गरज पडत नाही.

आम्ही सह्याद्रीत आणि कोकणात याच धंद्यावर पोट असलेली माणसं आहोत. आमच्यात वाटाडे आहेत, घरगुती निवास चालवणारे आहेत, नौकावाले आहेत आणि गडांवर संवर्धनाचं काम करणारेही आहेत. गर्दी आम्हाला नको आहे असा अर्थ कृपया काढू नका. पर्यटक आला नाही तर आमची चूल पेटत नाही, हे २०२० नं पुरेसं दाखवलं. पण ज्या रीतीनं पर्यटन वाढवलं जातं आहे, त्या रीतीनं आमची ठिकाणं पुढची दहा वर्षं टिकणार नाहीत, आणि ती गेली की पर्यटकही जाईल.

हे पत्र आत्ताच लिहायला कारण आहे. २०२४ च्या पर्यटन धोरणानं दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार हे उद्दिष्ट ठेवलं. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावानं बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. दोन्ही गोष्टींचं स्वागत आहे. पण साल्हेर किंवा राजगड एका दिवसात किती माणसं झेलू शकतो, हा आकडा गडाच्या पायथ्याला कुठेही लावलेला नाही. तिथं विचारलं तर सांगणाराही कोणी भेटत नाही. आमची सगळी तक्रार या एका वाक्यात मावते, तरी तपशिलात सांगतो.

धारणक्षमता

एखादं ठिकाण दिवसाला किती माणसं झेलू शकतं, ती त्याची धारणक्षमता. हा शब्द प्रत्येक अहवालात असतो, आकडा क्वचितच असतो. वास्तविक तो काढायची पद्धत तीस वर्षांहून जुनी आहे आणि तिला फार मोठे सल्लागारही लागत नाहीत. एक काल्पनिक गड घ्या. दीड किलोमीटरची वाट. पंधरा-पंधरा जणांचे गट, प्रत्येक माणसाला एक मीटर, दोन गटांत पन्नास मीटर अंतर. म्हणजे एका गटाला ६५ मीटर वाट लागते आणि वाटेवर एका वेळी २३ गट, म्हणजे ३४५ माणसं मावतात. गड दहा तास उघडा, जाऊन-येऊन चार तास, म्हणजे दिवसाला अडीच पाळ्या : ८६२ माणसं. ही झाली भौतिक क्षमता. यात वाटेचा एक तृतीयांश भाग घसाऱ्याचा, म्हणजे पाय घसरेल असा असेल तर तेवढं वजा करायचं, उरले सुमारे ५७५. शेवटी व्यवस्थेचा गुणक. त्या गडाला वाटेवर, दरवाज्यावर, पाण्याच्या टाक्यांजवळ आणि कड्याजवळ मिळून दहा माणसं लागतात आणि प्रत्यक्षात चारच आहेत, तर चाळीस टक्के. आकडा येतो २३०.

या शेवटच्या पायरीकडे नीट पाहा. गडाची उंची वाढवता येत नाही, वाट रुंद करायला गेलं तर कडा ढासळतो; पण आणखी सहा माणसं नेमली की तोच गड सुरक्षितपणे ५७५ लोक घेऊ शकतो. पायथ्याच्या गावातल्या सहा जणांचा पगार ही पर्यटनवाढीतली सगळ्यात स्वस्त गुंतवणूक आहे. तरीही अंदाजपत्रकात कमान, पुतळा, सेल्फी पॉइंट, पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिवे येतात; पहारेकऱ्याचा पगार येत नाही, कारण तो ‘भांडवली खर्च’ नव्हे.

मर्यादा घालता येत नाही, असंही म्हणू नका. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि प्रवेशशुल्क आहे, आणि ती व्यवस्था पठाराभोवतीच्या गावांच्या समित्या वन विभागाबरोबर चालवतात. तिच्यात दोष आहेत, विशेषतः शनिवार-रविवारी, पण निदान आकडा आहे. जुलै २०२१ मध्ये मसुरीजवळच्या केम्प्टी धबधब्यावर गर्दी उसळली, तेव्हा तिथल्या प्रशासनानं एका वेळी पन्नास माणसं आणि अर्धा तास एवढीच मुभा ठेवली. निलगिरीत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं एप्रिल २०२५ पासून बाहेरच्या वाहनांना दिवसाला सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार अशी मर्यादा लागली. थायलंडनं माया बे हा किनारा २०१८ मध्ये बंद केला आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडताना एका खेपेला ३७५ माणसांची अट घातली. बोटींना थेट किनाऱ्याला लागायला मनाई केली, धक्का मागच्या बाजूला नेला. भूतानसारखं जबर दैनिक शुल्क मात्र आम्हाला नको. शिवनेरी हा पैसेवाल्यांनी पाहायचा गड नाही. शाळेच्या सहलीला तो फुकटच असला पाहिजे. मर्यादा संख्येची हवी, ऐपतीची नको.

मर्यादा घालताना नेमकं काय बिघडतं, तेही सांगतो. नोंदणी ऑनलाइन आणि तपासणी मात्र थेट दरवाज्यावर असली की दोनशे किलोमीटर गाडी हाकून आलेलं कुटुंब तिथून परत जायला तयार होत नाही. मग हुज्जत होते, आणि शेवटी दरवाज्यावरचा एकटा माणूस सगळ्यांनाच सोडतो. म्हणून तपासणी मुख्य रस्त्यावरच्या फाट्यावर हवी, जिथून गाडी सहज वळवता येते आणि जिथून दुसरं जवळचं ठिकाणही सुचवता येतं. दिवसाचे दोन-तीन भाग पाडायला हवेत, नाहीतर सकाळी दहा वाजता सगळेच येतात. वीस टक्के जागा आयत्या वेळी येणाऱ्यांना आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना राखायला हव्यात. स्थानिकांना आणि देवदर्शनाला येणाऱ्यांना यातून वगळायला हवं. गडावरची देवी पर्यटन विभागाच्या कितीतरी आधीपासून तिथं आहे.

आणि गाड्या. एका मोटारीला वळायच्या जागेसकट साधारण २५ चौरस मीटर लागतात. शंभर गाड्यांना २५ गुंठे. पायथ्याच्या वाडीत एवढी सपाट जागा म्हणजे कोणाचं तरी भातखाचर. ते एका रविवारसाठी गाड्यांखाली गेलं की पुन्हा भाताला येत नाही, कारण चाकांनी माती दाबली जाते आणि बांध फुटतो. वाहनतळ फाट्यावर ठेवा आणि तिथून गावातल्या गाड्या चालवा. माथेरानला दस्तुरी नाक्यापलीकडे मोटार जात नाही, २००३ पासून ते पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र आहे, आणि म्हणून तिथलं पर्यटन बुडालं असं काही झालेलं नाही.

पाणी आणि मैला

याबद्दल कोणी बोलत नाही, कारण फीत कापायला इथे काही नसतं. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. पाणीपुरवठ्याच्या सरकारी मानकांत चार तारांकित दर्जापर्यंतच्या हॉटेलला दर खाटेमागे १८० लिटर धरतात, पंचतारांकित आणि त्यावरच्या हॉटेलला ३२० लिटर. वीस खोल्यांचं, चाळीस खाटांचं एक साधं हॉटेल म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर. पाच माणसांच्या सव्वीस घरांचं पाणी. तरणतलाव आणि हिरवळ यात धरलेली नाही.

आता कोकणाचा हंगाम बघा. पाऊस हजारो मिलिमीटर पडतो, पण जांभ्यातून, म्हणजे इथल्या सच्छिद्र लाल दगडातून, तो झरून जातो आणि एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यांवर टँकर येतो. नेमकी तीच शाळेच्या सुट्टीची गर्दी. किनाऱ्यालगत बोअरवेल मारून उपसा वाढवला की गोड्या पाण्याचा थर खाली जातो आणि समुद्राचं पाणी आत सरकतं. मग शेजारच्या घराची विहीर मचूळ होते, आणि ती पुन्हा गोडी व्हायला वर्षानुवर्षं जातात. हॉटेल टँकर विकत घेऊ शकतं, शेजारी घेऊ शकत नाही. प्रकल्पाला परवानगी देताना मे महिन्यातल्या पाण्याचा पुरावा मागा. ऑक्टोबरातली भरलेली विहीर बघून दिलेला दाखला काही कामाचा नसतो.

जेवढं पाणी आत येतं त्यातलं सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. त्याच हॉटेलातून रोज पावणेसहा हजार लिटर. ते जातं सेप्टिक टाकीत आणि तिथून शोषखड्ड्यात. सेप्टिक टाकी सांडपाणी शुद्ध करत नाही, गाळ खाली बसवते एवढंच. बाहेर पडणारं पाणी जंतूंनी भरलेलंच असतं आणि ते मातीत गाळलं जाईल असं गृहीत धरलेलं असतं. जांभ्यात माती कमी, भेगा आणि पोकळ्या जास्त. म्हणून पाणी न गाळता थेट विहिरीकडे धावतं. मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर हवा. जांभ्यात तेवढंही पुरत नाही, आणि दहा गुंठ्यांच्या वाडीत तेवढंही पाळलं जात नाही.

त्यात हंगामाचा भार वेगळाच. चार खोल्यांसाठी बांधलेली टाकी दिवाळीत तीस माणसं वापरतात. पाणी टाकीत किमान एक दिवस थांबायला हवं, ते काही तासांत बाहेर पडतं आणि मैला सोबत घेऊन जातं. स्वयंपाकघराचं तेलकट पाणी त्याच टाकीत सोडलं की वर चरबीचा थर धरतो, नळी तुंबते. फिनेल आणि ॲसिडचा मारा केला की आतले जिवाणू मरतात आणि मैला कुजायचाच थांबतो. दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. उपसणारा टँकर मिळतो, पण तालुक्यात त्या गाळाची प्रक्रिया करायची जागाच नसेल तर रात्री तो कुठे रिकामा होतो, हे तुम्हाला माहीत आहे आणि आम्हालाही.

उपाय महागडे नाहीत. स्वयंपाकघराला वेगळा चरबी-सापळा, दर आठवड्याला साफ केलेला. तीन-चार कप्प्यांची अडथळ्यांची टाकी, त्यापुढे खडी भरून कर्दळ लावलेला वाफा, दर माणशी साधारण एक ते दोन चौरस मीटर. वीज लागत नाही, पंप लागत नाही. निघालेलं पाणी नारळाला जातं. मोठी यंत्रं बसवू नका अशी विनंती आहे. वीज गेली की ती बंद पडतात, ऑपरेटर सोडून जातो, आणि तपासणीच्या दिवसापुरती चालू होतात. तालुक्याला एक मैलागाळ प्रक्रिया केंद्र मात्र शासनानंच उभारलं पाहिजे. ते एकट्या-दुकट्याचं काम नाही.

गडावर परिस्थिती उलटी. तिथं बेसॉल्टचा कातळ आहे, शोषखड्डा घेताच येत नाही, आणि फेब्रुवारीनंतर टाक्यांत जे पाणी उरतं ते पिण्याचं असतं. वर फ्लशची स्वच्छतागृहं बांधणं म्हणजे त्याच पाण्यात मैला सोडणं. स्वच्छतागृहं पायथ्याच्या गावात हवीत, पुरेशी हवीत, पहाटे पाचला उघडी हवीत आणि चालवणाऱ्या बचतगटाला दरमहा ठरलेले पैसे हवेत. नुसतं बांधकाम पहिल्या मे महिन्यात बंद पडतं. नळाला पाणी नसतं, मग दाराला कुलूप लागतं.

जिथं पाच खाती, तिथं कोणीच नाही

वारसा यादीतल्या महाराष्ट्रातल्या अकरा गडांपैकी सात केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. भोवतालचं जंगल वन विभागाचं, रस्ता सार्वजनिक बांधकामचा, कचरा ग्रामपंचायतीचा आणि बंदोबस्त पोलिसांचा. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण आहे. हा नियम योग्यच. पण त्याची अंमलबजावणी ताक-सरबत विकणाऱ्या बाईच्या छपरापासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथंच संपते.

गडाच्या कामात चुन्याऐवजी सिमेंट वापरलं की काय होतं, हे आता शाळेतल्या मुलालाही सांगता येईल, तरी पुन्हा लिहितो. चुन्याचा सांधा श्वास घेतो, भिंतीतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ओल आत कोंडतं. दगडाहून कडक असल्यानं ताण दगडावर येतो, आणि काही पावसाळ्यांत सांधा शाबूत आणि दगड फुटलेला असं दृश्य दिसतं. चुना मळायला, मुरवायला वेळ लागतो आणि पावसाळ्यात काम थांबतं. ३१ मार्चच्या आत निधी खर्ची घालायचा असला की चुना परवडत नाही. दोष गवंड्याचा नाही, आर्थिक वर्षाचा आहे. संवर्धनाचा निधी तीन वर्षांच्या मुदतीनं द्या.

अपघात झाला की बंदी

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल गर्दीच्या भारानं कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. मे २०२२ मध्ये तारकर्लीला नौका उलटून दोघे बुडाले. असं काही घडलं की जमावबंदीचे आदेश निघतात, धबधबे सरसकट बंद होतात. मका-भजी विकणाऱ्यांचा हंगाम जातो, पर्यटक शेजारच्या, त्याहून अडचणीच्या ओढ्यावर जातो, आणि पुढच्या जूनमध्ये सगळं होतं तिथंच असतं.

सह्याद्रीतल्या उघड्या कातळउतारावर पाणी मुरत नाही. वर पाऊस झाला की खालचा ओढा काही मिनिटांत चढतो, खाली ऊन असलं तरी. म्हणून धोका ओळखायची खूण धबधब्यापाशी नसते, वरच्या पाणलोटात असते. वर एक पर्जन्यमापक, तिथं बसलेला एक माणूस, खाली शिट्टी आणि भोंगा, आणि पाऊस ठरावीक पातळीवर गेला की कोणालाही न विचारता ठिकाण बंद करायचा अधिकार स्थानिक समितीला. पाण्याचा रंग गढूळ झाला, पालापाचोळा वाहून येऊ लागला की बाहेर या, ही पाटी मराठी-हिंदीत आणि चित्रासह. जुन्या पुलांना एका वेळी किती माणसं हे पाटीवर लिहून भागत नाही. दोन्ही टोकांना माणूस लागतो किंवा एका वेळी एकच जाईल असा अरुंद अडसर लागतो.

समुद्रात तोच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं. तिथल्या प्रवाळाला सगळ्यात जास्त मार बसतो तो नौकांच्या नांगराचा आणि पहिल्यांदाच पाण्यात उतरलेल्या पर्यटकाच्या पायांचा. नौका बांधायला कायमचे तरंगते बोये ठेवले तर नांगर टाकावाच लागत नाही. एका प्रशिक्षकामागे एकच नवखा, पाण्यात उतरण्याआधी सक्तीची माहिती, हातमोजे नाहीत (हातमोजे घातले की माणूस प्रवाळ धरतो). यातलं काहीही खर्चिक नाही. त्याच किनाऱ्यावर पाण्याखालच्या संग्रहालयाला आणि पाणबुडी पर्यटनाला मोठा निधी मंजूर झाला आहे. तो प्रकल्प व्हावाही. पण आधी बोये टाका.

पैसा कुठे जातो

महामारीतल्या मदतीपासून सुरू करतो. जून २०२१ मध्ये केंद्रानं जाहीर केलेली योजना कर्जहमीची होती : मान्यताप्राप्त मार्गदर्शकाला एक लाखापर्यंत कर्ज, प्रवासी कंपनीला दहा लाखांपर्यंत. देशभरातले सुमारे १०,७०० परवानाधारक मार्गदर्शक तिच्यात बसत होते. राजमाचीचा वाटाड्या, माथेरानचा घोडेवाला, दाभोळ खाडीतला नौकावाला हे त्या यादीत नव्हतेच, कारण ते कुठल्याच यादीत नाहीत. शिवाय उत्पन्न बंद असलेल्या माणसाला कर्ज देणं ही मदत म्हणायची का, तो वाद वेगळा. पुढची आपत्ती यायला महामारीच लागते असं नाही. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि घाट खचून रस्ते बंद पडले. तेव्हा नोंदच नसलेल्या माणसांपर्यंत मदत कशी पोहोचवणार होतो?

राज्यानं १ एप्रिल २०२१ पासून आतिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा देऊन वीज आणि करांत सवलत दिली. मोठ्या हॉटेलांना तिचा उपयोग झाला. चार खोल्यांच्या घराला मात्र वेगळ्याच अडचणी आहेत. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर शेतजमिनीची अट आहे. कोकणात जमीन गुंठ्यांत असते आणि सातबाऱ्यावर वीस नावं, त्यांतली निम्मी मुंबईत, दोन-तीन वारलेली. सगळ्यांची संमतीपत्रं गोळा करता करता हंगाम संपतो. मग लोक नोंदणीशिवाय धंदा करतात, आणि नोंदणी नाही म्हणून प्रशिक्षण, कर्ज, विमा यांतलं काहीच मिळत नाही. ॲपवर जावं तर कमिशन साधारण १५ ते २५ टक्के, वर त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. ज्याची उलाढाल वीस लाखांच्या आत म्हणून त्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्याची खोलीही ॲपमार्फत विकली की करपात्र होते. मोठ्या प्रकल्पांना करपरतावा देणाऱ्या धोरणानं याकडे पाहायला हवं होतं. महिलांसाठीच्या ‘आई’ धोरणातली पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरची व्याज-परतफेड चांगली आहे, पण बँकेच्या खिडकीशी तीही सातबाऱ्यापाशीच अडते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांच्या पिल्लांभोवती जे उभं राहिलं ते कुठल्याही मोठ्या प्रकल्पाशिवाय. गावातली घरं, घरचं जेवण, किनाऱ्यावर राखण करणारे गावचेच लोक, त्यामुळे पर्यटकाचा बराचसा पैसा गावात राहिला. हेच कुठेही जसंच्या तसं उचलून ठेवता येईल असं नाही. काजव्यांच्या बाबतीत भंडारदऱ्याच्या परिसरात गाड्यांच्या दिव्यांनी आणि झाडाखाली झालेल्या तुडवणीनं काय होतं, ते मे-जूनमध्ये दिसतंच. (काजव्याची मादी जमिनीलगत असते, नर वर चमकतो, मोबाइलचा टॉर्च दोघांचीही गाठ पडू देत नाही.) फरक एवढाच की एका ठिकाणी गाव ठरवतं, दुसरीकडे व्हायरल झालेली चित्रफीत ठरवते.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल आम्ही इथे काही लिहीत नाही. त्यावर लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही.

आमच्या मागण्या

१. वारसा यादीतल्या अकरा गडांची आणि राज्यातल्या सर्वाधिक गर्दीच्या ठिकाणांची धारणक्षमता एका वर्षात ठरवा. गणित कसं केलं ते मराठीत प्रसिद्ध करा. हरकतींना तीस दिवस द्या. नंतर आकडा फाट्यावरच्या पाटीवर लावा.

२. पर्यटनाच्या प्रत्येक नव्या कामात मंजूर रकमेच्या किमान पंधरा टक्के रक्कम पाच वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला काढा. देखभालीचा करार पायथ्याच्या ग्रामपंचायतीशी किंवा बचतगटाशी करा. ही तरतूद नसेल तर काम मंजूर करू नका.

३. मे महिन्यातल्या पाण्याचा पुरावा आणि सांडपाण्याचा आराखडा असल्याशिवाय वीस खाटांवरच्या कोणत्याही प्रकल्पाला सवलत देऊ नका. त्याखालच्या घरांना चरबी-सापळा आणि कर्दळीच्या वाफ्यासाठी अनुदान द्या. मैलागाळ प्रक्रिया केंद्र किनारपट्टीच्या प्रत्येक तालुक्यात.

४. प्रवेश आणि वाहनतळ शुल्काच्या दर शंभर रुपयांतले साठ रुपये स्थानिक समितीकडे राहू द्या, तीस संवर्धनाला, दहा आपत्ती निधीला. ठिकाण बंद ठेवावं लागलं तर त्या निधीतून नोंदणीकृत कामगारांना दिवसाचा भत्ता मिळावा. हिशेब दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत वाचला जावा.

५. वाटाडे, घोडेवाले, नौकावाले, स्वयंपाक करणाऱ्या बाया, सामान वाहणारे यांची गावनिहाय नोंद, ओळखपत्र, अपघात विमा आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण. परीक्षा तोंडी आणि मराठीत घ्या. ज्याला अख्खा डोंगर तोंडपाठ आहे तो ऑनलाइन बहुपर्यायी परीक्षेत नापास व्हायला नको.

६. घरगुती निवासासाठी एक एकराची अट आणि सर्व सहहिस्सेदारांच्या संमतीची अट काढा. राहत्या घराचा ग्रामपंचायतीचा कर-उतारा आणि ग्रामसभेचा ठराव पुरेसा माना.

७. प्रत्येक गडासाठी आणि किनाऱ्यासाठी एकच जबाबदार अधिकारी नेमा, ज्याचं नाव आणि फोन पायथ्याला लिहिलेला असेल आणि ज्याला ठिकाण बंद करण्याचा अधिकार असेल.

८. पर्यटन विभागाच्या वार्षिक अहवालात पर्यटकसंख्येच्या शेजारी आणखी चार रकाने छापा : मे महिन्यातली विहिरींची पातळी, ठिकाणावरून उचललेला कचरा, स्थानिकांच्या हाती गेलेली रक्कम आणि अपघात.

यांतली दुसरी, पाचवी आणि सातवी मागणी प्रशासकीय आदेशानं मान्य होण्यासारखी आहे. त्यांना विधिमंडळाची वाट पाहायची गरज नाही. पुढचा पावसाळी हंगाम सुरू होण्याआधी निदान या तिन्हींवर लेखी उत्तर मिळावं. धारणक्षमतेच्या मोजणीसाठी आमच्यातली माणसं प्रत्येक गडावर सोबत यायला तयार आहेत. मोजपट्टी आणि वाट माहीत असलेला माणूस एवढंच त्या कामाला लागतं.

कळावे,

सह्याद्री आणि कोकणातले वाटाडे, घरगुती निवासचालक, नौकाचालक आणि गडसंवर्धनाचे कार्यकर्ते